तीनशे दोन : इन, काकु, तीन

वाचा.
शिक्का मारा.
पुढच्या घरी द्या.

पाटीच्या वरच्या कोपऱ्यात या तीन ओळी चिकटवलेल्या होत्या. चौथी ओळ नव्हती. 'शंका असल्यास विचारा' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पद्मिनीने नंतर पाटी उलटसुलट करून पाहिली.

तर ही पाटी. जपानीत तिला काइरानबान म्हणतात, फिरती पाटी. चिमटा लावलेला एक पुठ्ठा, त्याला गल्लीच्या मंडळाचे कागद, आणि खाली अकरा चौकोन, अकरा घरांचे. टोकियोच्या निशी-कसाईतल्या त्या चार मजली इमारतीत ती दर बुधवारी घरोघर फिरायची. काचेच्या बाटल्या कोणत्या वारी टाकायच्या, बागेची साफसफाई कधी, कुणाची मांजर हरवली आहे. वाचायचं, आपल्या चौकोनात आडनावाचा छोटा लाल शिक्का उमटवायचा आणि शेजारच्या दारी नेऊन द्यायची. ३०१ मधून ३०२, ३०२ मधून ३०३.

३०२ मध्ये पद्मिनी, तिचा नवरा हरीश आणि मुलगी ज्ञानदा. ३०१ मध्ये मोरिता-सान. वय सहासष्ट, एकट्या, आणि या वर्षी गटाच्या प्रमुख. म्हणून पाटी त्यांच्या घरून निघे आणि अकरा शिक्के घेऊन त्यांच्याच घरी परत येई.

१९९८ च्या मे महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी पाटी आली नाही.

सूचना : जाळायचा कचरा सकाळी आठच्या आत

आदल्या दिवशी, मंगळवारी, बारा तारखेला, ज्ञानदाला बारा वर्षं पूर्ण झाली. पद्मिनीने उएनोच्या बाजारातून आणलेला खोबऱ्याचा कीस आणि डब्यातलं घट्ट दूध घालून वड्या थापल्या. बारा वर्षं म्हणून बारा वड्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि सकाळी सातला कचऱ्याची पिशवी एका हातात, डबा दुसऱ्या हातात अशी ती ३०१ च्या दारात उभी राहिली.

मोरिता-साननी दार उघडलं. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, अर्धं उघडलेलं.

"ओइवाई देसु," पद्मिनी म्हणाली. आनंदाचं काही असलं, की वस्तू देताना हा शब्द म्हणतात.

"ओइवाई?"

"हाइ. उचि नो ओइवाई." हो, आमच्याकडचा आनंद.

मोरिता-साननी वर्तमानपत्राकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पद्मिनीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी डबा घेतला, मान लववली आणि दार लावून घेतलं. दाराचा खटका नेहमीपेक्षा मोठा वाजला, असं पद्मिनीला पुढे आठवलं. त्या क्षणी तो खरंच तसा वाजला होता की नाही, देव जाणे.

खाली कचरा टाकून ती घरात आली, तर हरीश फोनवर. ओसाकाहून त्याचा मित्र श्याम बोलत होता. हरीश मोठमोठ्याने हसत होता, टेबलावर थाप मारत होता.

"तीन? एका दिवसात तीन? अरे वा रे वा!" फोन ठेवून तो वळला. "पद्मा, आपण फोडला!"

"काय फोडलंस आता? नवा कप?"

"बॉम्ब! राजस्थानात. काल दुपारी. तीन चाचण्या."

"हळू बोल. भिंत पातळ आहे."

पण खोटं कशाला सांगा, तिच्याही छातीत क्षणभर काहीतरी फुगलं. शाळेत झेंडावंदनाला फुगायचं तसं. आणि लगेच तिला डबा आठवला. वर्तमानपत्र आठवलं. आणि आपण म्हटलेलं वाक्य आठवलं. आमच्याकडचा आनंद.

"जाऊन सांगून ये ना, मुलीचा वाढदिवस आहे म्हणून," हरीश म्हणाला.

"आता? आता सांगितलं तर ती सारवासारव वाटेल."

"मग उद्या सांग."

उद्या आणखी दोन चाचण्या झाल्या.

सूचना : करार

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं सगळं एका डब्यावरून चाललंय असं वाटेल.

चार वर्षांपूर्वी हरीश पुण्याच्या कंपनीतर्फे टोकियोत आला तेव्हा कंपनीने राहायला जागा दिली होती. दोन वर्षांनी ती जागा गेली. मग सुरू झाली घरं बघायची वारेमाप पायपीट. एजंट नकाशा काढायचा, चहा द्यायचा, घरमालकाला फोन लावायचा, आणि फोन ठेवून इतक्या अदबीने वाकायचा की उत्तर कळायचं. परदेशी नकोत. कंपनी जामीन राहायला तयार नव्हती.

त्या वेळी पद्मिनी वॉर्डाच्या वाचनालयात मोफत जपानी वर्गाला जायची, आणि तिथे शिकवणाऱ्या बाई म्हणजे मोरिता-सान. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा देऊन आलेली ही मुलगी त्यांना आवडली. "माझ्या शेजारचं घर रिकामं आहे," त्या म्हणाल्या आणि जामीन राहिल्या. करारावर त्यांनी आपला मोठा शिक्का मारला, वॉर्ड कार्यालयात नोंदवलेला, रेशमी पिशवीतला.

इथे असा करार दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं ३१ मे १९९८ ला संपत होती. नव्या कागदावर जामिनाचा शिक्का पुन्हा लागणार होता. कागद मोरिता-सानना एप्रिलमध्येच देऊन झाला होता. "सावकाश मारते," त्या तेव्हा हसून म्हणाल्या होत्या.

शिक्का नाही तर घर नाही. घर नाही तर ज्ञानदाची शाळा नाही, आणि चार वर्षांत ती पोर मराठीपेक्षा जपानीत जास्त भांडायला शिकली होती.

वहीचं शेवटचं पान

पद्मिनीची अक्षरं गिरवायची वही होती. पुढच्या पानांवर अभ्यास. दर शुक्रवारी ज्ञानदा ती ३०१ मध्ये नेऊन द्यायची, आणि शनिवारी लाल पेन्सिलीने तपासलेली वही पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवलेली सापडायची.

तेरा तारखेला पद्मिनीने वही उलटी केली आणि मागच्या बाजूने लिहायला घेतलं. मराठीत. आकडे मात्र सवयीने इंग्रजी.

301. 13 तारीख. पाटी नाही. डबा परत नाही.
301. 14. सकाळी 7:10. कचऱ्याच्या जागी आपली पिशवी उचलून उजेडात धरली. आत पाहिलं.
301. 15. जिन्यात भेटल्या. हवेबद्दल बोलल्या नाहीत.
301. 16. 9:40 ला बाहेर. हातात पाकीट. 12:05 ला परत. पाकीट नाही.

"हे काय चालवलंयस?" हरीशने विचारलं. "सीआयडीत भरती झालीस?"

"पाकिटात काय असेल?"

"लाइटचं बिल असेल गं!"

"आणि हवेबद्दल बोलल्या नाहीत ते? दोन वर्षांत असं एकदाही झालं नाही."

हरीश हसला, पण त्या आठवड्यात त्याचंही हसू आटलं. ज्या जपानी कंपनीत तो रोज काम करायला जायचा, तिथल्या एका साहेबाने त्याला खोलीत बोलावून विचारलं होतं, की मुंबईत तुम्ही ज्या सरकारी संशोधन संस्थेत दोन वर्षं होतात, तिथे नक्की काय करत होतात?

"मी सांगितलं, लायब्ररीतल्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवत होतो. त्याने लिहून घेतलं. दोनदा विचारून लिहून घेतलं. पण त्याला कळलं कुठून?"

पद्मिनीने हातातली कढई खाली ठेवली. कारण तिला माहीत होतं कुठून. भूतकाळाचा धडा चालू असताना मोरिता-साननी सांगितलं होतं, घरच्या माणसांबद्दल पाच वाक्यं बोला. आणि ती बोलली होती. माझे पती पूर्वी मुंबईत एका सरकारी संशोधन संस्थेत काम करत होते. मोरिता-सान म्हणाल्या होत्या, क्रियापद छान.

"अमेरिकेने यांच्यावर दोन टाकले," हरीश ताटावर बसून तणतणत होता, "आणि हे पन्नास वर्षं अमेरिकेच्याच छत्रीखाली बसलेत. राग मात्र आपल्यावर! आपली मदत थांबवतात!"

"मोरिता-सान काही छत्रीखाली राहत नाहीत. भिंतीपलीकडे राहतात. आणि आपल्याला जामीन आहेत."

"मग विचार ना त्यांना तोंडावर."

"असं इथे तोंडावर विचारतात का कुणी?"

हे तिचं नेहमीचं उत्तर. चार वर्षांत ती एवढी जपानी झाली होती की विचारायचं नाही हे तिला पक्कं कळलं होतं. न विचारता ओळखायचं कसं, ते मात्र अजून शिकायचं राहिलं होतं.

अभ्यास : मथळे कसे वाचावेत

मथळे वाचायला तिला मोरिता-साननीच शिकवलं होतं. मथळ्यात जागा कमी, म्हणून देशांना एकेक अक्षर. अमेरिकेला तांदळाचं अक्षर. फ्रान्सला बुद्धाचं. आणि बुद्ध जिथला, त्या भारताला 'इन', म्हणजे शिक्क्याचं अक्षर. वर्गात सगळे हसले होते.

दुसरं अक्षर तिने या मे महिन्यात स्वतःच शिकून घेतलं. रोज पहिल्या पानावर तेच. डावीकडे झाड, उजवीकडे जपानी राशीचक्रातलं डुक्कर. उच्चार 'काकु'. अर्थ अणू.

"काकू?" हरीश म्हणाला. "काकू म्हणजे अणुबॉम्ब? म्हणजे आमच्या अरुणाकाकू बरोबर नावाच्या निघाल्या. एकट्या अख्खं राजस्थान हलवतील."

ती हसली नाही. इन, काकु. इन, काकु. स्टेशनवरच्या दुकानात, गाडीत समोरच्या माणसाच्या हातातल्या पानावर, ज्ञानदाच्या शाळेच्या पायऱ्यांवर कुणी टाकून दिलेल्या कागदावर. त्या दोन अक्षरांपुरतं तिला आता एकदम जलद वाचता येऊ लागलं.

सूचना : आणीबाणीच्या वेळी उपयोगी पडणारी यादी

पाटी आली एकवीस तारखेला, गुरुवारी. बेल वाजली नाही. दार उघडलं तर मुठीला पिशवी लटकत होती. पिशवीत पाटी, आणि पाटीखाली स्टीलचा डबा नाही.

पाटीला या वेळी अकरा छोटी पाकिटं अडकवलेली होती, प्रत्येकावर एका खोलीचा क्रमांक. वरच्या कागदावर लिहिलं होतं : आणीबाणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून गट यादी करत आहे. आपल्या पाकिटातली चिठ्ठी तपासा. मजकूर बरोबर असल्यास शिक्का मारा. चूक असल्यास दोन रेघा मारून रेघांवर शिक्का मारा.

पद्मिनीने ३०२ चं पाकीट उघडलं. आत बोटभर रुंदीची कागदाची पट्टी होती, मोठ्या कागदातून फूटपट्टी ठेवून कापलेली. वर रकाना नाही, खाली रकाना नाही. एकच ओळ, पेन्सिलीने, त्या ओळखीच्या सुबक अक्षरात.

३०२. इन. काकु. ३.

ती खुर्चीवर बसली.

इन. काकु. तीन.

मग ती एखाद्या वकिलासारखी स्वतःशीच उलटतपासणी घेऊ लागली. चाचण्या पाच झाल्या, मग तीन का? कारण डबा दिला त्या सकाळपर्यंत तीनच झाल्या होत्या. म्हणजे यादीतली नोंद त्याच दिवशीची. म्हणजे त्यांनी दार लावलं, डबा ओट्यावर ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली. आणीबाणी म्हणजे कसली? भूकंपाची म्हणावी तर भूकंपाला भारत कशाला लागतो? आणि वर ही सभ्य सूचना : मजकूर बरोबर असल्यास शिक्का मारा. म्हणजे आपणच कबूल करा. आपल्याच लाल शिक्क्याने.

दोन वर्षं या बाईंना आपण तिळगूळ दिला, दिवाळीचा फराळ दिला, ताप आला तेव्हा आल्याचा काढा दिला. आणि त्या आपली माणसं नाही, बॉम्ब मोजत होत्या.

दुसऱ्याची पाकिटं उघडून बघायला हात शिवशिवला. ३०३ चं पाकीट तिने अर्धं बाहेर ओढलंही. मग परत सारलं. तेवढी तिची शिकवण होती. तेवढी नसती तर बरं झालं असतं.

तिने ओळ वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली, अक्षरांसकट. पुरावा म्हणून.

(ही जागा गटप्रमुखांसाठी आहे. कृपया इथे काही लिहू नये.)

मग पट्टी घेऊन तिने दोन रेघा मारल्या. निळ्या शाईने, फूटपट्टी लावून, ३०२ च्या अलीकडून ३ च्या पलीकडपर्यंत. रेघांवर शिक्का मारला. नियमाप्रमाणे. पट्टी पाकिटात घातली, पाकीट पाटीला लावलं, पाटी ३०३ मध्ये देऊन आली. परत येताना तिला वाटलं, बरं केलं. जिना चढून आल्यासारखी ती धापा टाकत होती, आणि मधे अंतर होतं सहा पावलांचं.

फोन

"जामिनाचा शिक्का अजून आलेला नाही," एजंट शुक्रवारी फोनवर म्हणाला. दर दोन वाक्यांनंतर क्षमा मागत होता. "शनिवार, तीस तारखेपर्यंत कागद पोचला तर बरं. रविवारी आमचं बंद असतं."

"नाही आला तर?"

"क्षमा करा. घरमालकांचं म्हणणं असं, की जामीन मोरिता-सान आहेत म्हणूनच त्यांनी घर दिलं होतं."

त्या रात्री जेवताना हरीश एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, ते संशोधन संस्थेचं मीच लिहिलंय की! चौऱ्याण्णवच्या बायोडेटात. आज फाइलमध्ये दिसलं. दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरात."

"म्हणजे मोरिता-साननी सांगितलं नाही?"

"त्या कशाला सांगतील? त्यांना माझं ऑफिस कुठे आहे तेही माहीत नाही."

हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संशयाचं असं असतं, की त्याचा एक पाय काढून घेतला तरी तो उरलेल्या तिनांवर व्यवस्थित उभा राहतो. पट्टी तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती.

अठ्ठावीसला पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. आता मथळ्यात दोन देशांची नावं झाली. टीव्हीवर कुणीतरी नकाशावर वर्तुळं काढून दाखवत होतं. हरीशने टीव्ही बंद केला, आणि या वेळी श्यामचा फोन आला तरी कुणी हसलं नाही.

शुक्रवार, एकोणतीस तारीख

ज्ञानदा शाळेतून आली, दप्तर टाकलं, दूध प्यायली आणि मग सहज म्हणाली, "आई, वही दिली हं."

"कुठली वही?"

"तुझी. मोरिता-सान जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, दोन शुक्रवार आईचा अभ्यास आला नाही. टेबलावर होती, मी देऊन आले. आत्ताच."

पद्मिनीने टेबलाकडे पाहिलं. वही नव्हती.

"आणि आई, शेवटच्या पानावर तू आपली ओळ कशाला लिहिलीस? शाळेच्या बोसाई कार्डासारखी?"

"बोसाई कार्ड म्हणजे?"

"भूकंपाचं गं. कोबेला झाला ना, तेव्हापासून सगळ्यांचं करतात. नंबर, मग हान्को, म्हणजे शिक्का मारायचा चौकोन, मग घर कसलं, मग माणसं किती. एकटं असेल तर एक अक्षर, आजी-आजोबा असतील तर वेगळं. आपण काकु काझोकु. तीन जण."

"काकु... काय?"

"काकु काझोकु! आई-बाबा आणि मूल, एवढंच घर. तुला येत नाही? सामाजिक शास्त्रात आहे." मग तिने इंग्रजीत सांगितलं, जसं परक्या माणसाला सांगावं तसं. "न्यूक्लिअर फॅमिली."

मराठीत याला विभक्त कुटुंब म्हणतात. त्यात कुठे अणू नाही, झाड नाही, डुक्कर नाही. आणि इन? इन म्हणजे शिक्का. शिक्का इथे मारा. पहिल्याच धड्यात शिकवलेला, सगळ्यात जुना, सगळ्यात साधा अर्थ. तीन म्हणजे तीन माणसं : मी, हरीश, ही.

भूकंप झाला तर ढिगाऱ्याखाली किती माणसं शोधायची, त्याची ती ओळ होती. तिच्यावर आपण फूटपट्टी लावून रेघा मारल्या.

आणि वही. वहीत मराठी होतं, ते मोरिता-सानना वाचता येणार नव्हतं. पण आकडे इंग्रजी होते. 301. 7:10. 301. 9:40. 12:05.

"चप्पल तरी घाल!" ज्ञानदा मागून ओरडली.

३०१

मोरिता-साननी तिला आत बोलावलं. बसायला उशी दिली. ठेंगण्या टेबलावर पाच गोष्टी होत्या, आणि पद्मिनीने त्या मोजल्या, कारण मोजायची तिला आता सवयच लागली होती. वही, लाल पेन्सिल, दोन रेघा मारलेली पट्टी, कराराचा कागद, रेशमी पिशवी.

करारावर शिक्का नव्हता.

"चहा?" मोरिता-साननी विचारलं.

"नको. मोरिता-सान, मी..." चार वर्षांचं जपानी एकदम गळून पडलं. "ते अक्षर. मी चुकीचं वाचलं. मला वाटलं, भारत. अणू. तीन बॉम्ब."

मोरिता-साननी पट्टी जवळ ओढली. मग त्यांनी एकच बोट आधी शिक्क्याच्या अक्षरावर ठेवलं, मग झाड-डुकरावर, मग तिनावर. आणि पद्मिनीला दिसलं, की त्यांनाही ते आत्ता पहिल्यांदाच तसं वाचता आलं.

"वरचा भाग मी कापला होता," त्या म्हणाल्या. "रकान्यांची नावं त्यात होती. एकाच कागदावर सगळी घरं नकोत, म्हणून पट्ट्या केल्या. एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून."

"का?"

"माझे वडील युद्धात गटप्रमुख होते. तेव्हाही ही पाटी होती. याच कामासाठी निघाली होती म्हणा ना. रेशन, हवाई हल्ल्याचे सराव, कुणाकडे कोण राहतं. सगळी घरं एका कागदावर. आमच्या कोपऱ्यावर एक शिक्षक राहायचे, इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या ओळीत वडिलांनी बारीक गोल काढला होता. मी बारा वर्षांची. विचारलं, हा गोल कसला? म्हणाले, माणसं मोजतोय." त्यांनी लाल पेन्सिल सरळ करून ठेवली. "महिन्याभरात शिक्षकांना घेऊन गेले. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये हवाई हल्ल्यात आग लागली, त्यात गल्ली गेली, कागद गेला, वडीलही गेले. तो गोल कसला होता, ते मला अजून माहीत नाही."

बाहेर खांबावरच्या भोंग्यातून संध्याकाळचं गाणं वाजलं. मुलांनी घरी जा, असं सांगणारं.

मग मोरिता-साननी वही शेवटच्या पानावर उघडली.

"ही मी," त्या म्हणाल्या. आणि बोट 301 वर ठेवलं. पुढच्या 301 वर. त्याच्या पुढच्या.

नाही म्हणायला जागाच नव्हती. पद्मिनीने मान खाली घातली.

"सात-दहाला मी काय केलं?"

"आमची कचऱ्याची पिशवी पाहिलीत."

"त्यात बॅटऱ्या होत्या. तुमचे पती टाकतात. दर वेळी मी काढते."

दोन वर्षं कुणीतरी आपल्या घरच्या बॅटऱ्या मुकाट्याने वेचत होतं.

मोरिता-सान उठल्या, फ्रिज उघडला आणि स्टीलचा डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण काढलं. बाराच्या बारा वड्या तशाच होत्या. कडा सुकून पांढुरक्या झाल्या होत्या.

"मला टाकता येत नाही," त्या म्हणाल्या. "अन्न टाकायची माझ्या पिढीला सवय नाही. आणि खाता आलं नाही. पादोमिनी-सान, हा आनंद कसला होता?"

"ज्ञानदाचा वाढदिवस. बारा वर्षं."

मोरिता-साननी वड्यांकडे पाहिलं. मोजल्या असाव्यात. चेहरा थोडासा सैलावला, आणि पुन्हा थांबला.

"त्या दिवशी सकाळी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुमचे पती फार हसत होते. टेबल वाजवत होते. तेही वाढदिवसाचंच?"

आता हे असं वळण होतं, की एका 'हाइ'ने सगळं मिटलं असतं. हो, वाढदिवसाचंच. समोर करार होता, पिशवीत शिक्का होता. उद्या शनिवार, तीस तारीख. भिंतीपलीकडे ज्ञानदा भांडी वाजवत होती, आणि कुठलंतरी जपानी गाणं गुणगुणत होती. पद्मिनीने तोंड उघडलं. तिला ते तीन आठवडे आठवले, आणि कोपऱ्यावरच्या शिक्षकांच्या ओळीतला गोलही.

"नाही," ती म्हणाली. "ते बॉम्बचं. आणि एक क्षणभर मलाही... मलाही बरं वाटलं होतं. डबा मात्र वाढदिवसाचाच होता."

मोरिता-साननी रेशमी पिशवीची गाठ सोडली. शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला, त्यावर हलकेच फुंकर घातली, कागदावर दाबला आणि श्वास रोखून धरावा तसा दाबून धरला. उचलला तेव्हा गोल स्वच्छ उमटला होता. कागद त्यांनी पद्मिनीकडे वळवला, दोन्ही हातांनी.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कंपनीला विचारा. माझं वय झालं."

वयाचं कारण होतं की नव्हतं, हे कळण्याइतकं जपानी पद्मिनीला येत होतं. ती वाकली. कपाळ चटईला लागलं.

"आणि यादीत आमची ओळ पुन्हा..."

"रेघांवर शिक्का आहे. मला तो बदलता येत नाही. नवी यादी एप्रिलमध्ये होते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तोपर्यंत भूकंप झाला, तर मी ओरडून सांगेन. तीन आहेत म्हणून."

मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि वहीच्या शेवटच्या पानावर, पद्मिनीने पुरावा म्हणून उतरवलेल्या ओळीत, काकुच्या अक्षरावर एक बारीक खूण केली. डुकराची शेवटची रेघ राहून गेली होती. ती त्यांनी काढून दिली. बाकीच्या पानाला, वेळांना आणि आकड्यांना, हात लावला नाही. वही मिटली.

पद्मिनी उठू लागली, तशा त्या म्हणाल्या, "थांबा." डब्यातून एक वडी उचलली. ती मधोमध मोडली. कडक झाली होती, टक्कन आवाज आला. अर्धी त्यांनी तोंडात घातली आणि सावकाश, बराच वेळ चावली. उरलेली अर्धी डब्यात परत ठेवली, अकरा वड्यांच्या शेजारी, झाकण लावलं आणि डबा पद्मिनीच्या हातात दिला.

३०१ च्या दारापासून ३०२ च्या दारापर्यंत सहा पावलं. एका हातात करार, काखेत वही, दुसऱ्या हातात डबा. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे पुण्यात तिला आईने शिकवलं होतं, आणि इथे मोरिता-साननी. हा रिकामा नव्हता. तो हरीशसमोर ठेवला की तो झाकण उघडणार, अर्धी वडी बघणार आणि विचारणार, ही कुणी मोडली?

दारात ती जरा वेळ तशीच उभी राहिली. आतून ज्ञानदाने विचारलं, "आई, तूच ना?"